चेंडू आधी वर जाऊ द्या

उंच माणसांबद्दल जगात ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, तो माणूस स्वतः पाच फुटांच्या आसपास कुठेतरी संपत होता. आसपास म्हणतो, कारण नक्की उंची त्यांनी कुणाला मोजू दिली नाही. माझ्याशी बोलायचे ते माझ्या शर्टाच्या बटणाशी बोलायचे. मान वर करणं त्यांना मंजूर नव्हतं. "मान वर करून बोललं की समोरचा उगाच स्वतःला मोठा समजायला लागतो," म्हणायचे. त्यामुळे कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्या टकलाशी आणि ते माझ्या बटणाशी, असा आमचा संवाद चालला. तरी आम्ही एकमेकांना बऱ्यापैकी ओळखत होतो.

आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. टीममधली पंजाबी-हरयाणवी पोरं 'सेक्शन साब' म्हणायची, कारण ते दिल्लीतल्या कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. मला तर साहेब म्हणण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. माझे बाबा त्यांच्याच सेक्शनमध्ये असिस्टंट होते. आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये देवाचं नाव सकाळ-संध्याकाळ निघायचं, साहेबांचं मधल्या सगळ्या वेळात. शेजाऱ्यांकडे साहेबांचा फोन आला तर बाबा आधी शर्टाचं वरचं बटण लावायचे, मग रिसीव्हर उचलायचे, आणि उभ्याने फक्त दोन शब्द बोलायचे: "होय साहेब." आई म्हणायची, "अहो, ते काय म्हणाले ते तरी ऐकलंत का?" तर बाबा म्हणायचे, "ऐकलं ना. होय म्हणालो."

आता असा माणूस बास्केटबॉल शिकवायला कसा लागला? आमच्या कॉलेजातल्या खेळाच्या सरांना क्रिकेट सोडून बाकी सगळे खेळ म्हणजे टाइमपास वाटायचे. साहेब तरुणपणी मंत्रालयांच्या आपसातल्या स्पर्धांमध्ये खेळले होते. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर 'गाजले' होते. एके दिवशी ते कॉलेजात येऊन म्हणाले, मी शिकवतो, मला काही नको, फक्त मध्ये कुणी बोलायचं नाही. सर खूश झाले. त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की साहेब सायकलवर यायचे. डोळ्यांवर जाड चष्मा, अंगात सफारी, पॅन्टला क्लिपा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि हॅन्डलच्या पिशवीत टेबलावरची घंटी. शिपायाला बोलवायला थाप मारतात ना, टिंग करून वाजते, तीच. शिट्टीचा त्यांना तिटकारा. "शिट्टी पोलिसाची, घंटी साहेबाची." कोर्टाच्या कडेला स्टुलावर ती घंटी विराजमान व्हायची आणि प्रॅक्टिस सुरू व्हायची. फरिदाबादहून येणारा आमचा हरिंदर, त्याचे वडीलही ऑफिसातलेच, पहिल्या दिवशी घंटी ऐकून चहा आणायला निघाला होता.

मी त्यांच्या हाती लागलो तो कस्तुरबा गांधी मार्गावर. आपल्या राज्याच्या अतिथिगृहातल्या कॅन्टीनमध्ये रविवारी साबुदाणा वडा मिळायचा, आणि दिल्लीतल्या मराठी माणसाला त्यापुढे सगळं तुच्छ. आम्ही खात होतो. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं आणि वाढपी स्टूल शोधत होता. मी उठलो, घड्याळ काढलं, त्याला दिलं, त्याने सेल बदलून परत दिलं, मी टांगलं. एवढंच. पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "हा कुणाचा?"

बाबा ताटावरून अर्धे उठले. "माझाच साहेब," म्हणाले. चोरी पकडल्यावर कबूल करतात तसे.

"कॉलेज कुठलं?"

बाबांनी सांगितलं.

"अच्छा! मग तर आमचाच. उद्यापासून पाठवा."

"होय साहेब."

मला कुणी विचारलं? मुळीच नाही. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो येत नव्हतं. मी तेव्हा सहा फूट चार इंच होतो आणि त्यातले निदान चार इंच लपवण्यात माझा दिवस जायचा. दिल्लीच्या बसमध्ये मान वाकडी, क्लासच्या ग्रुप फोटोत कपाळ कापलेलं, आणि लग्नकार्यात भेटलेली प्रत्येक मावशी विचारणार, "वरची हवा कशी आहे रे?" प्रत्येकीला वाटायचं हा विनोद तिनेच काढलाय. मी हसायचो आणि अजून थोडा वाकायचो.

हे वाकणं साहेबांना बघवेना. एकदा ते आमच्या घरी आले. बाबांची अर्थातच तारांबळ. आई पोहे घेऊन आली तर साहेब पोह्यांकडे न बघता म्हणाले, "वहिनी, याला घरात वाकू देऊ नका."

आई म्हणाली, "अहो पण साहेब, दाराला डोकं आपटतं त्याचं!"

"आपटू दे. दार सरकारी आहे."

आई पुढे कित्येक वर्षं हे सांगून हसायची. पण त्यानंतर मी वाकलो की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "ताठ!" आणि दोन-तीनदा मी खरंच आपटलोही.

उंच माणूस हे साहेबांचं वेडच होतं. गणपतीत मंडळात कुणी भेटलं की त्यांचा पहिला प्रश्न, "मुलगा केवढा झाला?" समोरची बाई कौतुकाने सांगायची, "बी.एस्सी.ला आहे." "ते नाही हो, केवढा?" आणि हात वर करून दाखवायचे. लग्नात नवरदेवाच्या उंचीवरून त्यांचं मत बनायचं, मुलगी कशी आहे ते त्यांनी कधी पाहिलं नसेल. एकदा आम्हाला घेऊन राष्ट्रपती भवनाच्या बाजूने चालले होते, तिथे एक पहारेकरी उभा. ताडमाड, मिशीवाला, डोळ्याची पापणी न हलवणारा. साहेब थबकले. बराच वेळ त्याच्या पट्ट्याच्या बक्कलकडे बघत राहिले आणि हळहळून म्हणाले, "वाया चाललाय."

त्यांचं बास्केटबॉलचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: चेंडू म्हणजे फाइल.

"फाइल खालून निघते," ते सांगायचे. "खालचा बाबू टिपण लिहितो आणि वर पाठवतो. वर मोठा साहेब बसलेला असतो. तो काय करतो? काही करत नाही. पण त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पान हलत नाही." कोर्टावर तो मोठा साहेब म्हणजे मी. बास्केटपासून दोन पावलांवर मी उभा राहायचं, बास्केटकडे पाठ करून, एक हात वर. पोरांनी चेंडू आधी मला द्यायचा. समोरच्या टीमला वाटणार, एवढा मोठा ऐवज बास्केटखाली उभा आहे, आता टाकतोय. मग दोघं-तिघं धावून मला चिकटणार. चिकटले की बाहेर आपला कुणीतरी मोकळा सुटला. मी चेंडू त्याला द्यायचा आणि त्याने टाकायचा. "ऊपर भेजो! ऊपर भेजो!" साहेब कडेवरून ओरडायचे. त्यांची हिंदी सांगलीची होती. पण एवढे दोन शब्द सगळ्या दिल्लीला कळायचे.

आणि कुणी घाई करून, मला न विचारता, बाहेरूनच टाकला तर? टिंग! खेळ बंद. चेंडू आत गेला असला तरी बंद. "बिना साइन के गया," साहेब म्हणायचे. हरिंदर त्यावर वैतागायचा. "साब, पर बास्केट तो हो गया ना!"

"चोरीचं सोनंही सोनंच असतं," साहेब मराठीत म्हणायचे आणि मला भाषांतर करायला लावायचे.

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "साहेब, आणि मीच टाकला तर?"

टिंग. सगळे थांबले. "ये पूछ रहा है," साहेब म्हणाले, "बडे साब खुद डिस्पॅच करें तो?" पोरांना ओ की ठो कळलं नाही, पण साहेब एवढे पोट धरून हसत होते की पोरंही हसली. मग माझ्या बटणाला म्हणाले, "तुला करायचं काही नाही बाबा. तू असायचंस."

रिबाउंडचा तर कहर होता. कुणी टाकलेला चेंडू रिंगवर आपटून परत आला की तो बहुतेक माझ्याच हातात यायचा, देवाने तेवढ्यासाठीच लांब हात दिलेत. बास्केट डोक्यावर. नुसतं वर करून सोडायचं. लहान मूलही टाकेल. पण नाही! परत आलेली फाइलसुद्धा आधी बाहेर जायची, मग पुन्हा वर यायची. "परत आली म्हणून काय स्वतः मंजूर करायची? रीत आहे की नाही काही?"

आणि सांगायला लाज वाटते, पण हे चालायचं! जी टीम दर वर्षी पहिल्या फेरीत हरून छोले-कुलचे खात घरी यायची, ती जिंकायला लागली. समोरचे माझ्याकडे धावायचे, हरिंदर मोकळा सुटायचा, आणि हरिंदरचा हात म्हणजे काय सांगू, कोपऱ्यातून डोळे मिटून टाकायचा. टाळ्या हरिंदरला, कॉलेजच्या फळ्यावर नाव हरिंदरचं. मुली विचारायच्या, हरिंदर कोणता? मी म्हणायचो, तो, माझ्या मागे आहे, दिसत नाहीये.

आणि माझ्या नावावर? शून्य. पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी शून्य, तिसरं संपत आलं तरी शून्य. बास्केटखाली उभं राहून एकही बास्केट न टाकलेला माणूस दिल्लीत मीच असेन. क्वार्टरमधल्या काकू भाजीवाल्याच्या गाडीशी अडवून विचारायच्या, "काय रे, तुझ्या नुसत्या हाताला लागत असेल ना ते? मग पडत कसं नाही?" काय सांगणार? त्यांना फाइलचं सांगावं तर त्यांचे यजमानही मंत्रालयात, त्यांना पटलं असतं आणि ते अजून वाईट.

मला मनापासून वाईट वाटायचं ते बाबांचं. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, साहेबांच्या टीममध्ये यांचा मुलगा आहे. "आज किती टाकले?" लोक विचारायचे. बाबा म्हणायचे, "तो वर असतो." म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. टीम फायनलला पोचली, माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष, शेवटचीच मॅच. आदल्या दिवशी जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "मी उद्या अर्धी रजा टाकलीये. येतो बघायला."

बाबा कधी आले नव्हते.

"एक टाक रे," ते म्हणाले. "एकच. बस्स."

"मग तुम्हीच सांगा ना साहेबांना!"

"मी? साहेबांना?" बाबांनी असं बघितलं की जणू मी त्यांना संसदेवर दगड मारायला सांगितलं. आईने पटकन आमटी वाढली आणि विषय मिटवला.

मग सकाळी लवकर मी एकटाच कोर्टावर गेलो. मनाशी ठरवलं होतं, निदान हाताला सवय तरी करू. वळायचं आणि टाकायचा, वळायचं आणि टाकायचा. दहातले नऊ बाहेर. बास्केटकडे तोंड करून उभं राहणंच मला परकं वाटत होतं. तेवढ्यात मागे सायकलची चेन वाजली.

"काय चाललंय?"

मी चेंडू पाठीमागे लपवला. एवढा धिप्पाड माणूस, आणि चेंडू लपवतोय!

"साहेब, आज बाबा येतायत."

"मग?"

"एक टाकू द्या. एकच. त्यांना बघायचीय."

साहेब सायकल स्टँडवर लावून बेंचवर बसले. क्लिपा काढल्या, पुन्हा लावल्या. "मला तुझ्याएवढी उंची मिळाली असती तर मी काय केलं असतं, माहितेय?"

"टाकला असता."

"छे! नुसता उभा राहिलो असतो. दिवसभर. सगळ्यांना दिसलो असतो." मग म्हणाले, "मी आयुष्यभर खूप टाकले रे. उड्या मारून मारून टाकले. कुणाला आठवतात? तुला टाकायची गरज नाही हे तुझं केवढं नशीब आहे, तुला कळत नाही."

मला खरंच कळलं नाही. मला एक बास्केट हवी होती. मी तोंड फुगवून घरी गेलो.

मॅच दुपारी, दुसऱ्या एका कॉलेजच्या कोर्टावर. जानेवारीतलं कोवळं ऊन, कडेने कुंड्यांमध्ये ही मोठमोठी डेलियाची फुलं, गर्दी बरीच. बाबा आले. मफलर, स्वेटर, हातात डबा. साहेबांनी त्यांना आमच्या बेंचच्या मागे बोलावलं. तिथे खुर्ची होती, पण बाबा उभेच राहिले.

समोरच्या टीमचा कोच काही बुद्दू नव्हता. त्याने आमच्या आधीच्या मॅचेस बघितल्या होत्या आणि त्याच्या लक्षात आलं होतं की हा लांबडा काही टाकत नाही. मग त्याला चिकटायचंच कशाला? चेंडू माझ्याकडे आला. मी हात वर करून वाट बघतोय, कुणी येईचना! त्यांचे पाचही जण बाहेर, आमच्या चौघांना धरून बसलेले, हरिंदरला तर दोघं. मी बास्केटखाली एकटा, हातात चेंडू, बास्केटकडे पाठ. फाइल वर आली होती, पण खाली पाठवायला टेबलच रिकामं नव्हतं. कुठेतरी दिला, तो त्यांनी हिसकावला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. आम्ही मागे पडत गेलो. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे खंबे, मार दे यार!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही.

साहेबांनी टाइम-आउट घेतला. आम्ही भोवती गोळा झालो. हरिंदर रडकुंडीला आलेला. "साब, इसको बोलो ना मारे! अकेला खडा है, पूरा अकेला!"

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेब माझ्या जर्सीकडे बघत होते. जर्सीला बटण नव्हतं, त्यामुळे त्यांना कुठे बघावं ते कळत नसावं.

"उंच माणसाला कुणी घाबरतच नसेल," ते हळूच मराठीत म्हणाले, "तर तो नुसता उंच."

"मग काय करू साहेब?"

त्यांनी खोल श्वास घेतला. एवढा कष्टी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "आजपुरते अधिकार दिले," म्हणाले. "टाक."

पहिला मी असा टाकला की बोर्डावरून पलीकडे गेला आणि डेलियाच्या कुंडीत पडला. काय हसली गर्दी! त्यांचा कोच तर मांडीवर थाप मारून हसला. माझे कान तापले. पुढच्या वेळी चेंडू आला, मी वळलो, पाय नीट रोवले, बास्केटकडे बघितलं आणि सोडला. रिंगवर एकदा नाचला, दुसऱ्यांदा नाचला, आणि पडला. आत!

अहाहा! काय वाटलं ते सांगता येत नाही. मी ओरडलो, हरिंदर माझ्या पाठीवर चढला. आणि मी बाबांकडे बघितलं.

बाबा दिसेनात. बेंचमागे नुसतं त्यांचं स्वेटर घातलेलं पाठाड. ते खाली वाकून गवतात काहीतरी चाचपडत होते. आणि साहेब बारीक केलेल्या डोळ्यांनी भलत्याच दिशेला बघत टाळ्या वाजवत होते.

झालं होतं असं, की चेंडू माझ्या हातातून सुटला आणि साहेबांनी उडी मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्या उडीत त्यांचा चष्मा नाकावरून उडाला. साहेबांचा चष्मा पडला म्हटल्यावर बाबा खाली वाकले. वाकणारच. शिपाई आजूबाजूला नव्हता आणि पोरांच्या बुटाखाली साहेबांचा चष्मा येऊन कसं चालेल? माझ्या आयुष्यातली पहिली बास्केट पडली तेव्हा एकाला दिसत नव्हतं आणि दुसरा गवतात होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. एक पडल्यावर समोरचे सावध झाले, माझ्याकडे पुन्हा दोघं-दोघं धावायला लागले, आणि साहेबांचं जुनं शास्त्र पुन्हा सुरळीत चालू झालं. हरिंदर सुटला आणि आम्ही बरोबरीच्या जवळ आलो. शेवटी फक्त एका पॉइंटने मागे, चेंडू माझ्या हातात, दोघं माझ्या अंगावर, आणि कोपऱ्यात हरिंदर मोकळा. आता बाबा बघत होते. चष्मा साहेबांच्या नाकावर परत होता, दोघंही बघत होते. मी टाकू शकलो असतो. देवाशप्पथ, हात वर गेलाही होता. पण हरिंदर मोकळा होता, आणि मोकळा माणूस दिसला की माझा हात आपोआप तिकडे जायचा, ती सवयच लागली होती. दिला. हरिंदरने टाकला. रिंगवर लागून बाहेर आला आणि मॅच संपली.

हरलो. हरिंदर कोर्टावर बसून ढसाढसा रडला. साहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फाइल बरोबर गई थी बेटा." त्याला त्याने काय समाधान होणार? पण साहेबांना मात्र झालेलं दिसत होतं.

गर्दी पांगली. पोरं बूट काढायला बसली. बाबा पुढे आले आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाले, "छान खेळलास हो."

"बास्केट पाहिलीत ना?"

बाबांचा चेहरा असा झाला की वाटलं, मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "कुठली?" म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "ती... म्हणजे आवाज ऐकला मी. सगळे ओरडले तो."

मला रडूच आलं. खरं सांगतो, बावीस वर्षांचा घोडा, डोळ्यांत पाणी. तीन वर्षांत एक, आणि तीसुद्धा यांनी ऐकली!

साहेब तिथेच पिशवीत घंटी ठेवत होते. ते थांबले. बाबांकडे वळून म्हणाले, "तुम्ही तेव्हा खाली काय करत होता?"

"साहेब, तुमचा चष्मा..."

"अहो चष्म्याला काय आग लागली होती?" साहेब एवढ्या जोरात ओरडले की सायकलवरून चाललेला माळी उतरला. "मुलगा तुमचा तिकडे टाकतोय आणि तुम्ही माझा चष्मा शोधताय?"

"होय साहेब," बाबा म्हणाले.

साहेबांनी सफारीचं वरचं बटण काढलं, चष्मा काढून बेंचवर नीट घडी करून ठेवला, हरिंदरच्या हातातून चेंडू घेतला आणि माझ्याकडे फेकला. "चल. उभा राहा. पुन्हा टाक."

"साहेब, आता?"

"आताच. आणि मी अडवणार. नुसतं मोकळं टाकायला काय, गाढवही टाकेल. बाबूजी, तुम्ही इकडे बघा. खाली काहीही पडलं तरी वाकायचं नाही!"

असं म्हणून पाच फुटांचा तो माणूस माझ्या आणि बास्केटच्या मध्ये येऊन उभा राहिला. हात पसरलेले, गुडघे वाकवलेले, दात आवळलेले. चेष्टा नव्हती, खरंच अडवत होते. मी डावीकडे सरकलो, ते डावीकडे. मी उजवीकडे, ते उजवीकडे. पोरं बूट हातात घेऊन बघायला लागली. हरिंदर रडायचा थांबला. मी वळलो, चेंडू वर नेला, त्यांचे हात काही माझ्या खांद्यापर्यंतही पोचेनात. तेव्हा साहेबांनी काय करावं? त्यांनी माझी जर्सी दोन्ही मुठींत पकडली आणि खाली ओढली. मी कलंडलो, चेंडू भलतीकडे गेला.

"फाउल!"

आवाज एवढा मोठा होता की आधी मला वाटलं, रेफरी परत आला. कोर्टावर आत येऊन बाबा उभे होते. मफलर सुटलेला, बोट साहेबांकडे रोखलेलं, चेहरा लालबुंद.

"हे काय साहेब! शर्ट कसला धरता? फाउल आहे हा! सोडा त्याला, सोडा आधी!"

बाबांनी बोट खाली केलं नाही.

साहेबांनी माझी जर्सी सोडली. घाम पुसला. चष्मा नव्हता, त्यामुळे बारीक डोळे करून त्यांनी बाबांकडे बघितलं, पहिल्यांदा मान थोडी वर करून, आणि नियमाप्रमाणे हात वर करून फाउल कबूल केला.

"मान्य," म्हणाले. "दोन फ्री थ्रो."

मी रेषेवर उभा राहिलो. पहिला रिंगला लागून बाहेर गेला.

"असू दे," बाबा म्हणाले. ते साहेबांच्या शेजारी उभे होते आणि साहेबांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "असू दे रे. अजून एक आहे."